दहा वर्षांच्या आत

कापडे, १६ नोव्हेंबर २०२५

दादा,

जय भीम.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, मग माझ्या नवऱ्याचा, रितेशचाही केलास. टपाल ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. वाच नाहीतर फाडून टाक. पण गावातल्या कुणाच्या तोंडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिते.

प्रियदर्शिनीला मी आजपासून गोल्फ शिकवायला सुरुवात केली. तिला सहा वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले.

जागा आपलं खालचं खाचर. भात निघालं, झोडणी झाली, आता जूनपर्यंत ते नुसतं पडून असतं. उरलेली धसकटं बाबांनी कोयत्याने खरवडून दिली. कशासाठी ते विचारलं नाही, पण ओळखलं असावं. स्टिक तुझीच. पोटमाळ्यावर तुझी जुनी सात नंबर पडली होती, ती पोलादपूरला वेल्डिंगवाल्याकडे नेऊन निम्मी कापून आणली. तुला विचारलं नाही. तू नाही म्हणाला असतास आणि मी तरीही कापली असती.

मागच्या वर्षी मे महिन्यात आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला तू आला होतास. जेवणं झाल्यावर ओटीवर बसून तू सगळ्यांना मोबाईलवर तुझ्या मुंबईच्या गोल्फ क्लबातली, तू शिकवतोस ती पोरं दाखवलीस. हा पाच वर्षांचा, ही साडेचारची, बघा कंबर कशी वळते. तुझा चेहरा असा खुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता. आणि तासाभराने तुझी भाची अंगणात बांबूची काठी घेऊन त्या पोरीसारखी कंबर वळवायला लागली, तेव्हा तू उठलास, तिच्या हातातून काठी हिसकावलीस आणि गुडघ्यावर मोडलीस. म्हणालास, "आपल्या पोरांनी दहा वर्षांच्या आत हात लावायचा नाय."

ती पावणेपाच वर्षांची होती. रडली नाही. काठीचे दोन्ही तुकडे उचलून घरात घेऊन गेली.

मी शिक्षिका आहे, दादा. दहा वर्षांच्या आत काय शिकवावं आणि काय नाही, यावर मी सोळा वर्षं पोरांसमोर उभी आहे. तू मला अंगाचं कारण दिलं असतंस, मनगट कोवळं असतं, हाडं वाढायची असतात, तर मी ऐकलं असतं. पण त्यांच्या पोरांची हाडं साडेचारला तयार होतात आणि आपल्यांची दहाला, हे कुठल्या पुस्तकात आहे ते मला दाखव.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मी शिकवणारच.

उज्वला


कापडे, १४ डिसेंबर २०२५

दादा,

जय भीम. उत्तर आलं नाही, ते अपेक्षितच होतं.

आता एकटी प्रियदर्शिनी नाही. दर रविवारी सकाळी सात पोरं येतात. चार आपल्या वस्तीतली, तीन वरच्या वाडीतली. सगळ्यात लहान दर्शना, पाच वर्षांची. सगळ्यात मोठा ओम, आठचा. त्याचे आईबाप मुंबईला असतात, इथे तो आजीजवळ राहतो, चंद्राबाईजवळ. तू ओळखशील तिला, नाचणीच्या पिठाच्या पिशव्या घेऊन बाजाराला उतरते ती.

शिकवते मी व्हिडिओ बघून. रात्री बघायचं, सकाळी शिकवायचं. तू हसशील. डावा हात वर, उजव्याची करंगळी डाव्याच्या तर्जनीवर. डोकं हलवायचं नाही. हे शेवटचं मला तुझ्यामुळेच माहीत होतं. लहानपणी तू गणपतीत घरी यायचास तेव्हा मला पाटावर उभी करून डोक्यावर तांब्या ठेवायचास आणि हात फिरवायला लावायचास. तांब्या पडला की म्हणायचास, "बॉल गेला तळ्यात." मी किती वर्षांची होते तेव्हा? तूच सांग. दहाची नक्कीच नव्हते.

स्टिक एकच आहे, ती पाळीपाळीने घेतात. चेंडू मुंबईहून ओमच्या बापाने आणून दिले, खरे, कडक. आता दोन खाचरं ओलांडणारा फटका प्रियदर्शिनीचा आहे. बांधावर बसून बाबा बघतात.

या रविवारी ओम आला नाही. त्याला जरा खरचटलं आहे. पोरांचं चालायचंच.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे श्रीमंतांचं खूळ शाळेच्या नावावर नको." मी म्हटलं, शाळेच्या नावावर नाहीच, माझ्या बापाच्या शेतावर आहे.

उज्वला


कापडे, ११ जानेवारी २०२६

दादा,

तुझं कार्ड मिळालं. वीस महिन्यांनी भावाचं अक्षर बघितलं आणि त्यात दोन ओळी: "कापलेली स्टिक पोरांना देऊ नको. तिचं डोकं मोठ्या माणसाचंच राहतं, जड. पोरगं फिरवत नाय, स्टिक पोराला फिरवते."

हे कार्ड डिसेंबरच्या आधी यायला हवं होतं. मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. ओमला खरचटलं नव्हतं. त्याच्या भुवईवर चार टाके पडले.

झालं ते असं. सात डिसेंबरचा रविवार. प्रियदर्शिनीची पाळी होती. ओम पुढे चेंडू लावायला वाकला होता. मी म्हटलं, थांब. ती थांबली नाही. मी पुन्हा ओरडले. तोवर स्टिक वर गेली होती आणि तू म्हणतोस तशी तीच तिला घेऊन फिरली. आवाज झाला तो आधी मला चेंडूचा वाटला.

ओमला मी उचललं, रक्त माझ्या पदरावर, आणि रस्त्यावर पहिली दिसली ती रिक्षा थांबवून पोलादपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. टाके घालताना पोरगं मला विचारत होतं, "बाई, माझा नंबर गेला का?" त्याच्या पाळीबद्दल बोलत होता तो.

संध्याकाळी चंद्राबाई घरी आली. मी उभी राहिले, पाणी पुढे केलं. ती ओटीवर बसली, पाणी प्याली आणि मग म्हणाली, "पोराच्या बापाला फोनवर काय सांगू गो? मास्तरीणबायच्या पोरीनं मारलं म्हणून सांगू?"

"सांगा," मी म्हटलं. "तसंच झालंय."

"तो परत येतो म्हणतोय तुझ्याकडं. मी नाय म्हटलं तर रात्रभर रडंल." थोडा वेळ ती प्रियदर्शिनीकडे बघत होती. ही दाराआड उभी होती. "माझा येईल. पन आधी तुझी पोर आवर. ती ऐकत नाय. सगळ्या वाडीला ठावं हाय, तुला एकटीला नाय."

ती गेल्यावर मी खूप चिडले. कुणावर ते कळायला दोन दिवस लागले.

आता आणखी एक, कारण खोटं सांगायचं थांबवलंच आहे तर पुरतं थांबवते. त्या मे महिन्यात तू काठी मोडलीस, एवढंच मी लिहिलं. त्यानंतर मी काय बोलले ते लिहिलं नाही. मी म्हणाले होते, "तू तिथं हमालच राहिलास, म्हणून घरात येऊन साहेब होतोस." सगळे पाहुणे बसले होते. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि बॅग उचलून एसटीला गेलास.

तू गेलास मुंबईला तेव्हा मी पाळण्यात होते. मी डी.एड. केलं ते तुझ्या खांद्यावर. हे माहीत असून मी तो शब्द वापरला. त्या शब्दाची माफी मागते. फक्त त्या शब्दाची. बाकी माझं भांडण आहे तसंच आहे.

उज्वला


कापडे, १५ फेब्रुवारी २०२६

दादा,

जय भीम. दुसरं कार्ड मिळालं. या वेळी चार ओळी होत्या, म्हणजे प्रगती आहे.

तू लिहितोस, "हाताचं सोड. पाचव्या वर्षी सुरू केलेली पोरं मी अकराव्या वर्षी स्टिक फेकून देताना बघितली. आईबाप गाडीत बसून रडतात. लवकर सुरू केलं की लवकर संपतं."

पटलं मला. खरंच. पण पुढचं तू लिहिलं नाहीस, ते मी लिहिते. त्या पोरांना फेकून देता आली. तुला देता आली नाही. आपल्या पोरांना सुरू करायला मिळावं आणि कंटाळा आला तर सोडायलाही मिळावं, एवढंच मागते मी. दहाव्या वर्षी सुरू कर म्हणणारा माणूस नऊ वर्षांचा असताना काय करत होता, ते मला माहीत आहे.

परवा बाबांना विचारलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. ते अंगणात दोरी वळत बसले होते.

म्हटलं, "बाबा, दादाला नऊ वर्षांचा का धाडला?"

हात थांबले नाहीत त्यांचे. "शिकाया नाय धाडला. दोन टायमाला पोटात जाईल म्हणून धाडला. काशीराम तिथं क्लबात माळी होता. म्हणाला, पोरगा काटक हाय, खेळणाऱ्या साहेबांची बॅग उचलंल." मग पीळ घट्ट करत म्हणाले, "मी वय नाय बघितलं त्येचं. खांदा बघितला."

तू पोरांच्या हातात स्टिक दिसली की पुढची बॅग बघतोस. मला हे त्या मे महिन्यात कळायला हवं होतं. तू काठी मोडलीस ती त्या भीतीने मोडलीस. कळलं आता. पण तुझ्या भीतीने माझ्या पोरीचं वय ठरणार नाही.

इथलं सांगते. सात नंबर मी पुन्हा पोटमाळ्यावर टाकली. पोलादपूरला एक सुतार आहे, त्याने बांबूच्या दांड्याला पांगाऱ्याच्या लाकडाची डोकी बसवून दिली. पांगारा कापसासारखा हलका. पोराच्या कमरेएवढी स्टिक, प्रत्येकाची वेगळी. चेंडू प्लास्टिकचे, महाडच्या बाजारातले, भोकांचे. फटका बसला तरी कुणी मरत नाही. नियम केला आहे की आपली स्टिक आपण उचलायची, दुसऱ्याची कुणी उचलायची नाही. मोठ्याने लहानाला "धर रे" म्हणायचं नाही. हा नियम तुझ्यासाठी केला, असं समजलास तरी हरकत नाही.

आणि कोणी कधी सुरू करायचं तेही ठरवलं. चंद्राबाईने माझ्या तोंडावर सांगितलं होतं ना, ते चार आठवडे घोळवलं. मग पोरांना ओळीत उभं केलं. स्टिक वर न्यायची, पूर्ण जोरात आणायची, आणि मी मध्येच "थांब" म्हटलं की जिथे असेल तिथे थांबवायची. एका सकाळी पाच वेळा. पाचही वेळा थांबली, तर शिकायला तयार. वय विचारायचं नाही.

दर्शना पाच वर्षांची. पाचही वेळा थांबली, पुतळ्यासारखी, जीभ बाहेर काढून. ओम चार वेळा थांबला. पुढच्या रविवारी पाच. बाकीचेही एकदोन आठवड्यांत आले.

प्रियदर्शिनी एकदाही थांबली नाही.

पुढच्या रविवारी दोनदा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा एकदाही नाही, कारण त्या दिवशी ती माझ्यावर रागावली होती. सगळ्या पोरांत तिचा फटका लांब, आणि तीच बांधावर बसते. चेंडू गोळा करते का म्हणून ओमने विचारलं, तर मी नको म्हटलं. नुसतं बसायचं, बघायचं. घरी येऊन ती माझ्याशी बोलत नाही. काल म्हणाली, "मामा बरोबर होता. तू पण मोडलीस."

मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर मी विरघळले असते आणि रविवारी तिच्या हातात स्टिक दिली असती.

तेव्हा ऐक. माझं सहा चुकलं. सगळ्यांसमोर चुकलं, माझ्याच पोरीवर चुकलं. पण तुझं दहाही चूकच आहे. मला चूक कबूल करायला लाज वाटत नाही. तुला वाटते का, ते बघू.

उज्वला


कापडे, २९ मार्च २०२६

दादा,

जय भीम.

तू येऊन गेलास त्याला आठवडा झाला. अनब्लॉक केलंस तेही कळलं. तरी पत्रच लिहिते. फोनवर तू "हं" म्हणून संपवशील.

वीस तारखेला चवदार तळ्यावर तू असणार हे मला माहीत होतं. दरवर्षी असतोस. मी पायऱ्यांपाशी बाबांना धरून उभी होते, तू मुंबईच्या माणसांत पांढऱ्या सदऱ्यात. तू बाबांकडे आलास, वाकलास, माझ्याकडे बघितलं नाहीस. मी हाक मारणार होते, पण गर्दीने तुला पुढे नेलं. वाटलं, संपलं एवढंच. शनिवारी संध्याकाळी तू दारात उभा राहिलास, तेव्हा मी भाकऱ्या थापत होते आणि हाताचं पीठ तसंच ठेवून तुझ्याकडे नुसती बघत राहिले, हे तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे.

हातात ते लांब पार्सल. प्रियदर्शिनी धावली. तू वर धरलंस आणि म्हणालास, "माझी हाय." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला राग आला, पण पुढे काय झालं ते बघता मी तो परत घेते.

रविवारी तू बांधावर बाबांशेजारी बसलास. मी तुला विचारलं नाही, बोलावलं नाही, नेहमीसारखं शिकवलं. दर्शना उभी राहिली तेव्हा तुला राहवलं नाही. खाली उतरलास, तिच्या मागे गुडघ्यावर बसलास आणि तिचा उजवा अंगठा दोन बोटं खाली सरकवलास. बस, एवढंच. तिचा पुढचा चेंडू सरळ गेला. सोळा रविवार मी तो अंगठा बघत होते आणि मला दिसला नव्हता.

मग तीच म्हणाली, "मामा, तुम्ही मारा ना."

"मी शिकवतो. मारत नाय," तू म्हणालास.

"येत नाय काय?" ओमने विचारलं. भुवईवर टाक्यांची खूण घेऊन, गंभीरपणे. हिणवायला नाही, खरंच माहीत करून घ्यायला.

तू बांधावर गेलास, पार्सलचा कागद सोडून आपली स्टिक काढलीस. खिशातून खरा चेंडू काढलास. पोरांना मागे, आंब्याच्या पलीकडे उभं केलंस, एकेकाला हाताला धरून. मग मारलास.

दादा, मी छत्तीस वर्षांची आहे. माझ्या घरात पस्तीस वर्षं गोल्फ हा शब्द आहे. तुला खेळताना मी पहिल्यांदा बघितलं. चेंडू आपली चारही खाचरं, ओढा आणि पलीकडची करवंदीची जाळी ओलांडून गेला. पोरं आंब्याआडून धावत पुढे आली.

बाबा उठून उभे राहिले होते. म्हणाले, "ह्ये तुला कवापासून येतंय?"

"नऊ वर्षांचा होतो तवापासनं."

"मला वाटलं तू नुसती बॅग उचलतोस."

"उचलायचोच. येत होतं तरी उचलायचो," तू म्हणालास. "मार म्हणून कुणी म्हटलं नाय."

बाबा परत बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तू त्यांच्याशेजारी जाऊन बसलास. मी पोरांना घरी पाठवलं आणि तुमच्याकडे पाठ करून बांबूच्या स्टिका गोळा करत राहिले, आपापली न्यायची असा नियम असूनही.

स्टँडवर सोडायला आले तेव्हा तू माझ्याशी पहिलं वाक्य बोललास. मला वाटलं होतं त्या शब्दाबद्दल बोलशील, पत्राबद्दल बोलशील. तू म्हणालास, "दर्शनाचं चालू ठेव. प्रियदर्शिनीला मात्र दहाव्या वर्षीच दे. तिच्यात जोर हाय. जोर असलेली पोरं लवकर जळतात."

मी म्हटलं, "नाय."

"तू कधी ऐकलंस माझं?"

"डोकं हलवायचं नाय, एवढं एक ऐकलं."

तू हसलास, अर्धंच. मग एसटी आली.

तर आजचं सांगते. आज सकाळी प्रियदर्शिनी स्वतः ओळीत येऊन उभी राहिली. मी बोलावलं नव्हतं. स्टिक वर गेली. थांब. थांबली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या वेळी मी मुद्दाम उशिरा म्हटलं, अगदी चेंडूपाशी आल्यावर. पांगाऱ्याचं डोकं चेंडूला टेकून थांबलं, चेंडू हलला नाही. तिच्या हाताच्या शिरा ताणल्या होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं, जोर आवरल्याचं. बांधावर चंद्राबाई नातवासाठी भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "आता आवरली."

तू नाही म्हणाला होतास. ते मी विसरलेले नाही, आणि तू जे बघितलं आहेस ते मी बघितलेलं नाही, हेही मान्य करते. उद्या ती जळाली, कंटाळली, अकराव्या वर्षी स्टिक ओढ्यात फेकून आली, तर तो दिवस मी बघेन आणि तुला कळवेन, लपवणार नाही. पण तिने फेकलेली ती तिची स्वतःची स्टिक असेल.

ती आज साडेसहा वर्षांची आहे आणि आजपासून शिकते आहे. तुला थांबवायचं असेल तर पत्राने होणार नाही. रविवारी सात वाजता, ऊन चढायच्या आत, शेतावर यावं लागेल.

तुझी बहीण,
उज्वला